ओल्या वाळूतील धातूचा शोध

नागपूर शहरातील गांधीबाग हा भाग कापडाच्या ठोक व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या शेजारीच इतवारी पेठ असून तेथील सराफ्यात सोन्याचांदीची दुकाने ओळीने लागलेली आहेत. सोनार दागिना घडवू लागला, म्हणजे कानशीने घासताना सोन्याचे अतिसूक्ष्म कण उडतात. तो ते कण जपून गोळा करतो. तरीही काही कण कपड्यांना चिकटतात, काही जमिनीवर पडतात आणि केराबरोबर दुकानाबाहेर जातात. येणाऱ्याजाणाऱ्याच्या दृष्टीने ती निव्वळ धूळ असते. परंतु सराफपेठेतील ही धूळ वेचून आणि धुऊन तीतून सोने काढणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. मराठीत त्यांना झारेकरी म्हणतात. विदर्भातील सोनझारी हा समाजही याच विद्येसाठी ओळखला जातो; नदीतील वाळू धुऊन तीतून सोन्याचे कण निवडणे हा त्याचा परंपरागत व्यवसाय होय.

झारेकऱ्याजवळ कोणतेही यंत्र नसते. एक पसरट भांडे, भरपूर पाणी आणि हाताचे कसब एवढेच त्याचे भांडवल. सोने हे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या एकोणीस पटींहून अधिक जड असते; साधी वाळू मात्र पाण्याच्या अडीच पटींहून थोडीशीच जड असते. त्यामुळे पाणी घातलेले भांडे हलके हलके गोल फिरविले, की वाळू वर येऊन पाण्याबरोबर वाहून जाते आणि सोने तळाशी बसते. वाळू कशी वागते आणि सोने कसे वागते, हे दोन्ही ठाऊक असल्यामुळेच झारेकऱ्याला वाटेवरच्या धुळीतून सोने काढता येते.

परंतु या विद्येलाही मर्यादा आहेत. ॲल्युमिनियम ही धातू जवळजवळ वाळूइतकीच हलकी असते. पाण्याने धुऊन ती वाळूपासून वेगळी करता येत नाही. दुसरी अडचण याहून मोठी आहे. नागपूरहून मुंबईचा समुद्र रेल्वेने आठशे किलोमीटरांहून अधिक दूर असला, तरी इतवारीच्या सराफ्यात घडलेली अंगठी कोकणच्या किनाऱ्यावर हरवू शकते. समजा, सहलीला गेलेल्या एखाद्या कुटुंबातील आजीची अंगठी लाटांत पाय भिजवीत असताना बोटातून निसटली. अंगठी एवढीशी आणि पुळण मैलभर लांब. सगळी वाळू कोण धुणार? भरतीच्या लाटा तर ती अंगठी पाहता पाहता वाळूखाली नेतात. अशा वेळी वाळू न उपसता तिच्या पोटातील धातू ओळखणारे साधन हवे असते. त्या साधनाला धातुशोधक म्हणतात. रेल्वेस्थानकांच्या किंवा मोठ्या देवळांच्या दारात तपासणीसाठी जी चौकट उभी केलेली असते, तीही धातुशोधकच असते. किनाऱ्यावर वापरावयाचा धातुशोधक मात्र हातात धरण्याजोगा असतो. एका लांब दांड्याच्या टोकाला थाळीसारखे वर्तुळाकार वेटोळे बसविलेले असते. ते जमिनीलगत फिरवीत माणूस हळूहळू चालतो. वेटोळ्याखाली धातू आली, की यंत्र आवाज करते.

न दिसणारी धातू या यंत्राला कळते तरी कशी? १८३१ साली मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने एक महत्त्वाचा शोध लावला. तारेच्या वेटोळ्याजवळील चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले, तर त्या तारेत आपोआप वीज वाहू लागते, असे त्याला आढळून आले. धातुशोधकाचे सर्व काम या एका नियमावर चालते. त्याच्या वेटोळ्यातून सतत बदलणारा विजेचा प्रवाह सोडलेला असतो. त्यामुळे वेटोळ्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते व ते वाळूतही शिरते. वाळूत अंगठी असेल, तर त्या क्षेत्रामुळे अंगठीच्या सोन्यात विजेचे लहान लहान प्रवाह पाण्यातील भोवऱ्यांसारखे फिरू लागतात. या भोवऱ्यांचे स्वतःचे एक दुबळे चुंबकीय क्षेत्र असते. ते वर येऊन यंत्राला जाणवते. म्हणजे यंत्र हाक घालते आणि धातू तिला ओ देते. अंगठी मधे तुटलेली असेल, तर तिच्या कड्यातून प्रवाह पुरा फिरू शकत नाही आणि तिचा प्रतिसाद फारच क्षीण येतो. बारीक साखळीचेही तसेच होते; तिची प्रत्येक कडी जणू स्वतंत्र असते, म्हणून वजनाने अंगठीएवढी असलेली साखळीही यंत्राच्या हातून सहज सुटते.

हे सर्व वाचावयास सोपे आहे. प्रत्यक्षात मात्र हाकेला ओ देणारे एकटी अंगठीच नसते. या बाबतीत दोन जुन्या हकिकती लक्षात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली हकिकत अमेरिकेतील आहे. २ जुलै १८८१ रोजी त्या देशाचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वेस्थानकावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी त्यांच्या शरीरातच राहिली. शरीराच्या आत पाहण्याचे क्ष-किरण तेव्हा अज्ञात होते. दूरध्वनीचा संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने घाईघाईने एक धातुशोधक तयार केला. प्रयोगांत ते यंत्र उत्तम चालत असे. परंतु अध्यक्षांच्या बिछान्याजवळ नेताच ते फार मोठ्या भागावर संदिग्ध आवाज देऊ लागले. गोळीची नेमकी जागा काही केल्या सापडेना. अध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारांची जाळी होती, ही गोष्ट मागाहून उघडकीस आली. शिवाय, गोळी उजव्या बाजूस आहे अशी डॉक्टरांची ठाम समजूत असल्यामुळे शोध त्याच बाजूस झाला. वास्तविक ती डाव्या बाजूस होती. १९ सप्टेंबर १८८१ रोजी अध्यक्ष मरण पावले. यंत्र खोटे नव्हते. पण ते जेथे वापरावयाचे ती जागा कोणी नीट तपासली नव्हती.

दुसरी हकिकत आपल्या कोकणातील आहे. मुंबईत कुलाबा येथील वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. ही मोजणी करणारी उपकरणे अत्यंत नाजूक असतात. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या सुरू करण्याचे ठरले. ट्रामच्या विजेमुळे आपली उपकरणे चुकीचे आकडे दाखवतील, हे वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या वेळीच ध्यानात आले. म्हणून नवी चुंबकीय वेधशाळा समुद्रापलीकडे अलिबागेस उभारण्यात आली व १९०४ साली तेथे नोंदी सुरू झाल्या. तिच्या इमारतीसाठी चुंबकीय दोष नसलेला पोरबंदरी दगड पारखून आणला होता. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ साली. त्यापूर्वीच अलिबागचे काम सुरळीत चालू झाले होते. उपकरण चांगले असून भागत नाही, त्याला जागाही मानवली पाहिजे, हे येथे आधीच ओळखले गेले.

वेधशाळा दुसऱ्या गावी हलविता येते. पण अंगठी जेथे हरवली तेथेच शोधावी लागते. म्हणून येथे जागेप्रमाणे यंत्र निवडावे लागते. त्यासाठी प्रथम समुद्रकिनाऱ्याची ओळख करून घेतली पाहिजे.

किनाऱ्याचे दोन भाग पडतात. भरतीचे पाणी जेथे सहसा पोहोचत नाही तो वरचा कोरडा भाग, आणि लाटांनी रोज भिजणारी ओली पुळण. कोरड्या वाळूतून वीज वाहत नाही. त्यामुळे तेथे बहुतेक सर्व धातुशोधक नीट काम करतात. ओल्या पुळणीची गोष्ट वेगळी आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात व अशा खाऱ्या पाण्यातून वीज वाहू शकते. यंत्राच्या हाकेला मग ती सारी ओली वाळूच ओ देऊ लागते. त्या गलबल्यात अंगठीचा बारीक आवाज बुडून जातो. वेटोळे किंचित वर उचलले किंवा खाली गेले, तरी यंत्र उगाच ओरडते. नवख्या माणसाला पावलापावलावर खजिना असल्याचा भास होतो आणि खणून पाहावे तर हाती पाणी लागते.

कोकणात आणखी एक अडचण आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळाची झीज होऊन आलेले जड, काळे कण नद्यांबरोबर समुद्रात जातात आणि लाटांबरोबर पुन्हा किनाऱ्यावर येतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळबादेवी, मालगुंड अशा ठिकाणी या काळ्या वाळूचे साठे आहेत. त्यांत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही खनिजे असतात. मॅग्नेटाइटकडे लोहचुंबक ओढला जातो. ही वाळू यंत्राला एका प्रकारे फसविते, तर खारे पाणी दुसऱ्या प्रकारे. दोन्ही एकत्र आली, म्हणजे यंत्राची खरी परीक्षा होते.

धातुशोधकांचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिल्या प्रकारातील यंत्र एकाच ठराविक वारंवारतेने हाक घालते. त्याच्या विजेची दिशा दर सेकंदाला हजारो वेळा बदलते. हे यंत्र वजनाने हलके व किमतीने कमी असते. परतणारा प्रतिसाद किती उशिरा येतो यावरून खाली लोखंड असावे की दुसरी धातू, याचाही अंदाज ते देते. कोरड्या वाळूला ते पुरेसे आहे. ओल्या खाऱ्या वाळूत मात्र त्याचा गोंधळ उडतो. तो थांबविण्यासाठी त्याची संवेदनशक्ती कमी करावी लागते. पण तसे केले, की खोलवरची वस्तूही त्याला कळेनाशी होते.

दुसऱ्या प्रकारचे यंत्र सतत हाक घालीत नाही. ते विजेचा एक क्षणिक झटका देते, गप्प होते आणि मग ऐकते. असे शेकडो किंवा हजारो झटके ते एका सेकंदात देते. यातील गप्प राहण्याला फार महत्त्व आहे. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते खरी, पण धातूच्या मानाने फारच कष्टाने. म्हणून पाण्यात उठलेले विजेचे भोवरे तत्काळ विरून जातात. नाणे किंवा जाड अंगठी यांतील भोवरे त्याहून अधिक काळ टिकतात. हा काळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत मोजावा लागतो. समुद्राचा आवाज ओसरेपर्यंत यंत्र थांबते आणि मागे उरलेला धातूचा आवाज तेवढा टिपते. दोन माणसे एकदम बोलू लागली असता चतुर श्रोता एकाचे बोलणे संपण्याची वाट पाहतो, तसाच हा प्रकार आहे. काळ्या वाळूचाही या यंत्राला फारसा त्रास होत नाही. परंतु खिळा आणि अंगठी यांतील भेद त्याला चांगला कळत नाही. त्यामुळे गंजलेले खिळे व बाटल्यांची झाकणेही खणून काढावी लागतात. शिवाय, अगदी बारीक सोनसाखळीतील भोवरे पाण्यातील भोवऱ्यांइतकेच लवकर विरतात. यंत्र ऐकू लागते तोवर साखळी बोलून गप्प झालेली असते.

तिसऱ्या प्रकारचे यंत्र एकाच वेळी अनेक वारंवारतांचा उपयोग करते. प्रत्येक वारंवारतेला खारे पाणी वेगळा प्रतिसाद देते आणि धातूही वेगळा देते. ते सर्व प्रतिसाद ताडून पाहून यंत्र पाण्याचा भाग वजा करते. धातूची जात ओळखण्याची शक्ती त्यात बरीचशी शाबूत राहते. म्हणून ज्याला कोरडी वाळू, ओली पुळण आणि उथळ पाणी या तिन्ही ठिकाणी शोध घ्यावयाचा आहे, त्याला हे यंत्र अधिक सोयीचे पडते. त्याची किंमत अर्थातच जास्त असते.

यांपैकी सर्वांत उत्तम यंत्र कोणते, या प्रश्नाला एक उत्तर नाही. वाळू कशी आहे, वस्तू केवढी आहे आणि किती केर खणून काढण्याची तयारी आहे, या तीन गोष्टींवर निवड ठरते. याखेरीज यंत्राची बांधणीही पाहावी लागते. काही यंत्रांचे फक्त वेटोळे पाण्यात बुडविता येते. वरची विजेची पेटी भिजली, की यंत्र निकामी होते. लाटांत उतरावयाचे असेल, तर पेटीही जलाभेद्य हवी. वेटोळे मोठे असेल तर अधिक खोलवर शोध लागतो, पण लहान वस्तू निसटते. शिवाय ओली वाळूही अधिक प्रमाणात त्याच्या टप्प्यात येते. शोध ओहोटीच्या वेळी घ्यावा आणि पाण्याच्या रेषेला समांतर चालावे, म्हणजे पायांखालच्या वाळूचा ओलावा सारखा राहतो व यंत्र उगाच ओरडत नाही. काम संपल्यावर गोड्या पाण्याने यंत्र धुऊन पुसावे, कारण मीठ धातूला खाते.

आपल्या देशात आणखी एक सावधगिरी हवी. १९५७ मध्ये आलेले एका नव्या पैशाचे नाणे कांस्याचे होते. पण १९९२ पासून रुपयाचे नाणे पोलादाचे निघू लागले व ते लोहचुंबकाला चिकटते. खिळ्यांचा त्रास टळावा म्हणून लोखंडाचा आवाज दाबून टाकण्याची सोय अनेक यंत्रांत असते. ती सोय वापरणारा माणूस रुपयावरून निघून जाईल आणि त्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. नको असलेला आवाज बंद करताना हवा असलेलाही बंद होऊ शकतो.

अंगठी हुकली तर एका घराला हळहळ वाटते; पण काही ठिकाणी चूक झाल्यास माणसांचे प्राण जातात. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात वाळूखाली असंख्य सुरुंग पुरलेले होते. पोलंडचा सैनिकी अधिकारी युझेफ कोसात्स्की याने सैनिकाला हातात धरून नेता येईल असा सुरुंगशोधक तयार केला. १९४२ मधील एल अलामीनच्या लढाईत असे ५०० शोधक वापरले गेले. कोसात्स्कीने या शोधाचे हक्क स्वतःकडे ठेवले नाहीत. तो त्याने ब्रिटिश सैन्याला विनामूल्य दिला. युद्धे संपली तरी जमिनीतील सुरुंग संपत नाहीत. आजही अनेक देशांत ते काढण्याचे काम चालू आहे. तेथे काम करणारा माणूस कोणताही आवाज क्षुल्लक म्हणून सोडून देत नाही. शंभर वेळा खिळा निघाला, तरी एकशे एकाव्या आवाजापाशी तो तितक्याच सावधपणे गुडघे टेकतो. त्या जमिनीवरून उद्या मुले चालणार असतात.

यंत्र हाती आले, की जबाबदारीही येते. सापडलेली वस्तू कोणाची तरी असते. मालक ठाऊक असेल तर त्याला, नाहीतर पोलिसांकडे ती दिली पाहिजे. जमिनीत दडलेले धन सापडले व त्याचे मोल दहा रुपयांहून अधिक असले, तर जिल्हाधिकाऱ्यास कळविणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकांच्या जागी परवानगीवाचून खणणे १९५८ च्या कायद्याने मना आहे. हे निर्बंध उगाच घातलेले नाहीत. १९३९ मध्ये विदर्भातील तऱ्हाळा येथे सातवाहन राजांच्या सुमारे दीड हजार नाण्यांचा साठा मिळाला. नागपूरचे विद्वान वासुदेव विष्णू मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा पुराणांच्या याद्यांत न आढळणाऱ्या राजांचीही नावे उजेडात आली. तीच नाणी एकेक करून बाजारात विकली गेली असती, तर धातूची किंमत तेवढी मिळाली असती आणि इतिहासाचे एक पान कायमचे हरवले असते. किनाऱ्यावर खणलेला खड्डा बुजविणे हेही तितकेच आवश्यक आहे. मागून येणाऱ्याचा पाय त्यात मुरगळू नये.

झारेकऱ्याचे भांडे आणि आजचा धातुशोधक यांत केवढे तरी अंतर आहे. परंतु दोघांचाही मूळ गुण एकच. झारेकरी धुळीला तुच्छ मानीत नाही. ती कशी वाहते हे तो आधी शिकतो. धातुशोधक हाती घेणाऱ्यानेही आधी वाळू, मीठ आणि पाणी यांची भाषा शिकली पाहिजे. ज्याला समुद्राचा आवाज ओळखता येतो, त्यालाच त्या आवाजातून अंगठीचा आवाज वेगळा काढता येतो.

स्वाध्याय

१. झारेकरी वाळूतून सोने कसे वेगळे करतो? ॲल्युमिनियमच्या बाबतीत ही रीत का चालत नाही?
२. बेलच्या यंत्राला अपयश का आले? अलिबागच्या वेधशाळेची हकिकत त्याहून कशी वेगळी आहे?
३. झटके देणारे यंत्र काही क्षण गप्प का राहते?
४. कारणे द्या : (अ) ओल्या पुळणीवर यंत्र उगाच ओरडते. (आ) तुटलेली अंगठी सापडणे कठीण असते. (इ) लोखंडाचा आवाज दाबून टाकल्यास रुपयाचे नाणे हुकू शकते.
५. गावात घराचा पाया खणताना जुनी नाणी सापडली, तर काय करावे व का, ते आठ-दहा ओळींत लिहा.